अडीच वर्षांच्या मुलाचं इसब, आणि घरात स्टेरॉईडवरून रोजची वादावादी

संत्रानगरी:

नमस्कार मंडळी. इथं बरीच वर्षं नुसती वाचत आलेय, लिहितेय पहिल्यांदा.

मुलगा अडीच वर्षांचा आहे. तान्हा असताना गालांवर लाल, खरखरीत चट्टे उठले. 'दुधाची लाळ लागते, जाईल आपोआप' म्हणून सगळ्यांनी सोडून दिलं. गेलं नाही. आता गाल बरेचसे सुधारलेत, पण कोपरांच्या खळग्यात, गुडघ्यांच्या मागे, मनगटांवर आणि घोट्यांभोवती कातडी जाड अन् काळपट झालीय. यंदाच्या थंडीत तर कहर झाला. झोपेतच खाजवतो, सकाळी उशीच्या अभ्र्यावर रक्ताचे ठिपके असतात. हातांत मोजे घालून झोपवलं तर मोज्यांसकट घासतो. त्याला झोप नाही, मला नाही, ह्यांनाही नाही.

त्वचेच्या डॉक्टरांनी अटॉपिक डर्मटायटिस, म्हणजे इसब, सांगितलं, मध्यम ते तीव्र. दोन मलमं दिली: अंगाला मोमेटासोन (हे स्टेरॉईड), चेहरा-मानेला टॅक्रोलिमस. शिवाय 'मॉइश्चरायझर भरपूर लावा'. सासूबाईंनी कुठल्याशा व्हिडिओत पाहिलं की स्टेरॉईडनं कातडी पातळ होते, मुलाची वाढ खुंटते. तेव्हापासून ट्यूब हातात घेतली की घरात वाद. मी लपूनछपून तुरीच्या दाण्याएवढं लावते, लाली उतरली की थांबते. 10 ग्रॅमची ट्यूब ऑक्टोबरपासून चाललीय, अजून अर्धी आहे.

मधे शेजारच्या काकूंनी त्यांच्याकडची एक ट्यूब दिली. 'आमच्याकडे गजकर्णाला लावतात, साधी आहे, स्टेरॉईडबिईड काही नाही.' काय सांगू, दोन-तीन दिवसांत कातडी लख्ख! बंद केल्यावर मात्र आधीच्या दुप्पट उसळलं.

सासूबाई म्हणतात अंगात उष्णता आहे. म्हणून दूध, अंडं, वांगं, शेंगदाणा सगळं बंद. रोज तेलानं खसाखसा मालिश, मग बेसन लावून कडक पाण्यानं अंघोळ, पाण्यात झाकणभर अँटिसेप्टिक. वजन वाढत नाही ते वेगळंच. नणंद म्हणते अमेरिकेत याच्यावर इंजेक्शन निघालंय. काय करावं काही समजून नाही राहिलं. डॉक्टर बदलू का? अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी करून घेऊ का?

माईआजी:

अगं पोरी, घाबरू नकोस. माझ्या नातवाला अस्संच होतं, शाळेत जायला लागला आणि आपसूक गेलं. कडुलिंबाचा पाला उकळून त्या पाण्यानं अंघोळ घालत जा. आणि वांगं बंद केलंस ते चांगलंच केलंस.

ट्यूबवाला:

ताई, डॉक्टर बदलू नका. त्यांनी दिलेलं औषध अजून त्या पोराला लागलेलंच नाही. तुमचीच ओळ पुन्हा वाचा: 10 ग्रॅमची ट्यूब ऑक्टोबरपासून चाललीय.

मी डॉक्टर नाही. इचलकरंजीत औषधांचं दुकान आहे, बी. फार्म. केलंय. थोरल्या मुलीला हेच होतं, तुम्ही लिहिलंय त्यापेक्षा वाईट. आता ती चौथीत आहे, थंडीत एखादवेळी कोपरात उठतं तेवढंच. काउंटरच्या आतून आणि बाहेरून, दोन्हीकडून हे पाहिलंय, म्हणून जरा लांब लिहितो.

आधी काकूंची ट्यूब. मागची बारीक अक्षरं मोबाईलवर फोटो काढून मोठी करून वाचा. बहुतेक क्लोबेटासॉल किंवा बेक्लोमेथासोन निघेल, जोडीला एक बुरशीचं आणि एक जंतूंचं औषध. क्लोबेटासॉल हे स्टेरॉईड मलमांत अगदी वरच्या ताकदीचं. साध्या हायड्रोकॉर्टिसोनपेक्षा शेकडो पटींनी जहाल, आणि डॉक्टरांनी दिलेल्या मोमेटासोनपेक्षाही बरंच वरचं. 12 वर्षांखालच्या मुलांना वापरू नये असं त्याच्या माहितीपत्रकात छापलेलं असतं. 2018 साली सरकारनं 14 स्टेरॉईड मलमं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे चिठ्ठीशिवाय द्यायची नाहीत. तरी 'ती खाजेची ट्यूब द्या' म्हणत गिऱ्हाईक येतं आणि आमच्या धंद्यात देणारे आहेत, हे मीच कशाला झाकू? तुमच्या घरात काय झालं बघा. स्टेरॉईड नको म्हणून डॉक्टरांनी मापात दिलेलं बाजूला पडलं, आणि सगळ्यात जहाल स्टेरॉईड 'साधी ट्यूब' या नावाखाली पोराच्या अंगाला लागलं. सासूबाईंची भीती खोटी नाही. फक्त ती भलत्याच ट्यूबला चिकटलीय.

आता माप. ट्यूब दाबून तर्जनीच्या शेवटच्या पेरावर, टोकापासून पहिल्या सुरकुतीपर्यंत मलमाची सरळ रेघ काढायची. मोठ्या माणसाच्या बोटावरची ही रेघ साधारण अर्धा ग्रॅम भरते. मोठ्या माणसाचे दोन पंजे, बोटांसकट, जेवढी जागा झाकतील तेवढ्या जागेला ती पुरते. तुमच्या मुलाची कोपरं, गुडघ्यांमागची जागा, मनगटं, घोटे मिळून तुमच्या चार पंज्यांएवढे भरत असतील, तर रोजच्या दोन रेघा झाल्या, म्हणजे 1 ग्रॅम. रोज लावलं तर 10 ग्रॅमची ट्यूब दहा दिवसांत संपायला हवी. तुरीच्या दाण्यानं काय होणार! बहुतेक मलमं दिवसातून एकदा पुरतात. पातळ थर, रगडायचं नाही, कातडी ओलसर चमकली की झालं.

लाली उतरली की थांबायचं, ही दुसरी गडबड. डोळे मिटून त्या जागेवरून बोट फिरवा. डोळ्यांना साफ दिसणारी जागा बोटाला अजून जाड आणि खरखरीत लागते, म्हणजे आतली सूज आहे तशीच आहे. शेजारच्या चांगल्या कातडीसारखं मऊ लागेपर्यंत लावायचं, अर्थात डॉक्टरांनी लिहिलेल्या मुदतीत. मुदत संपूनही जाड लागत असेल तर फोन करून विचारा, स्वतःहून वाढवू नका. आणि वारंवार उसळणाऱ्या जागांना त्या साफ असतानाही आठवड्यातून दोन दिवस मलम लावतात, हे तुमच्या डॉक्टरांना मुद्दाम विचारा. आमच्याकडे बुधवार-रविवार ठरलेले होते. पोरगी रात्रभर सलग झोपायला लागली ती या दोन वारांमुळे, असं माझं मत.

वाढ खुंटण्याची भीती मुख्यतः पोटातून किंवा इंजेक्शनातून दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉईडची, नाहीतर जहाल मलम महिनोन्‌महिने अंगभर चोपडल्याची. कुणी स्टेरॉईडचं सिरप किंवा 'एक सुई मारतो, लगेच बसेल' म्हणालं तर तिथून निघा. बसतं खरं, पण औषध संपलं की मुसंडी मारून परत येतं.

टॅक्रोलिमस स्टेरॉईड नाही. 2 वर्षांपुढच्या मुलांना 0.03 टक्क्याचं देतात. पहिले काही दिवस चुणचुणतं, पोरं रडतात, आणि आईबाप तिथंच सोडतात. ट्यूब फ्रिजमध्ये ठेवा, गार लावलं की कमी झोंबतं. या डब्यातल्या कागदावर कॅन्सरचा इशारा असतो, तो वाचून सासूबाई पुन्हा उभ्या राहतील, म्हणून आधीच सांगतो. तो 2006 साली अमेरिकेत घातला गेला. त्यानंतर हे मलम वापरलेल्या सुमारे 8000 मुलांवर दहा वर्षं लक्ष ठेवलं, त्यांच्यात कॅन्सर वाढलेला दिसला नाही. 2020 मध्ये ते छापून आलं.

मॉइश्चरायझरमध्ये तर सगळेच कंजूष. 50 ग्रॅमची ट्यूब नेतात आणि दोन महिन्यांनी येतात. ब्रिटनच्या सरकारी मार्गदर्शक सूचनांत अशा मुलांना आठवड्याला 250 ते 500 ग्रॅम सांगितलंय. आठवड्याला! या मुलांच्या कातडीचा गिलावाच कच्चा असतो. काहींत फिलाग्रिन नावाचं प्रथिन जन्मतःच कमी पडतं, मग आतलं पाणी उडतं आणि बाहेरचं काहीही आत शिरतं. रोज गिलावा करत राहणं हाच उपाय. महागडी क्रीमंच लागतात असं नाही. इंग्लंडमध्ये 550 मुलांवर लोशन, क्रीम, जेल आणि ऑइंटमेंट अशी तुलना झाली, 2022 ची गोष्ट, चौघांत फरक निघाला नाही. म्हणून जे परवडेल आणि पोरगं लावू देईल ते घ्या. साधी पांढरी पेट्रोलियम जेली मोठ्या डब्यात सगळ्यात स्वस्त पडते. तुमच्या नागपूरच्या थंडीत ती उत्तम. मे महिन्यात मात्र घामानं चिकचिकेल, तेव्हा क्रीम. डब्यात बोट घालू नका, धुतलेल्या चमच्यानं काढा. एक सावधगिरी: ही क्रीमं कपड्यांत मुरली की कपडा भुरकन पेट घेतो, धुऊनही सगळं निघत नाही. ब्रिटनच्या औषध नियामकांनी 2018 मध्ये याबद्दल इशारा दिला होता. शेकोटी, गॅस, दिवाळीतले फुलबाजे यांच्याजवळ त्या कपड्यांत पोराला नेऊ नका.

अंघोळ कोमट पाण्यानं, पाच-दहा मिनिटं. बेसन, उटणं, अँटिसेप्टिक आजपासून बंद. कडुलिंबाचं पाणीही फुटलेल्या कातडीला झोंबतं, माई रागावू नका. टॉवेलनं टिपायचं आणि अंग ओलसर असतानाच, दोन-तीन मिनिटांत, मॉइश्चरायझर. मालिशवरून घरात युद्ध नको असेल तर सासूबाईंना खोबरेल द्या. मोहरीचं किंवा ऑलिव्हचं तेल कातडीचं आवरण आणखी बिघडवतं. खोबरेलाचा मात्र फायदा दिसलाय, फिलिपिन्समध्ये 117 मुलांवर करून बघितलं होतं, 2014 साली. पण हलक्या हातानं. खसाखसा चोळणं म्हणजे आपणच खाजवून दिल्यासारखं.

खाण्याचं ऐका. दूध, अंडं, शेंगदाणा इतकं सगळं बंद केल्यावर वजन कशानं वाढणार? इसब असलेल्या पुष्कळ मुलांची अ‍ॅलर्जीची रक्ततपासणी नुसतीच पॉझिटिव्ह येते, खाल्ल्यावर काहीच होत नाही. मग त्या यादीवरून आणखी चार पदार्थ जातात. पदार्थ खाल्ल्यावर तास-दोन तासांत गांधी उठणं, ओठ सुजणं, उलट्या, धाप असं कधी झालं असेल तर तो पदार्थ घरी चाखवून बघू नका, डॉक्टरांसमोरच. तसं कधीच झालं नसेल तर बंदी कशासाठी, हे बालरोगतज्ज्ञांना विचारा, आणि काय आधी, कसं परत सुरू करायचं तेही त्यांनाच. कारण इसब असलेल्या मुलाला एखादा पदार्थ फार काळ तोडला तर पुढे खरीखुरी अ‍ॅलर्जी उभी राहू शकते. लंडनमध्ये 640 बाळांवर शेंगदाण्याचा अभ्यास झाला, 2015 मध्ये छापून आला. त्यात तीव्र इसब किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असलेलीच बाळं घेतली होती. लहानपणापासून शेंगदाणा पोटात गेलेल्यांत त्याची अ‍ॅलर्जी फारच कमी झाली. आपल्याकडे भाजीपासून खिचडीपर्यंत कूट पडतं, ते काही वाईट नव्हे.

शेवटचं, आणि हे लक्षात ठेवाच. जखमांवर मधाच्या रंगाची खपली, पाणी सुटणं: जंतू शिरलेत, एक-दोन दिवसांत दाखवा. पण एकसारख्या आकाराचे, मधे खड्डा पडलेले फोड घोळक्यानं उठले, दुखतात, ताप आहे, तर रात्र असली तरी दवाखाना. ती नागीण-जातीच्या विषाणूची लागण असू शकते, औषध लगेच सुरू व्हावं लागतं. ओठाच्या कडेला तापाचे फोड उठलेल्या पाहुण्यांना पोराची पापी घेऊ देऊ नका, मग कितीही जवळचे असोत.

एडिसनकर:

ट्यूबवाले दादांनी बाकी सगळं सांगितलंय, मी फक्त इंजेक्शनचं लिहिते. माझ्या मुलीला न्यू जर्सीत ते चालू आहे. नाव डुपिलुमॅब. 6 महिने ते 5 वर्षं या वयाला अमेरिकेत जून 2022 मध्ये परवानगी मिळाली. खाज आणि सूज पेटवणारे जे दोन निरोप शरीरात फिरतात, आयएल-4 आणि आयएल-13, ते हे औषध अडवतं. तिचं वजन 15 किलोच्या वर आहे, म्हणून दर चार आठवड्यांनी 300 मिलिग्रॅम. 15 च्या खाली असतं तर 200.

जादू समजू नका. या वयाच्या 162 मुलांवर जी चाचणी झाली त्यात 16 आठवड्यांनी कातडी साफ किंवा जवळजवळ साफ झालेली मुलं शेकडा 28 होती, नुसतं सौम्य स्टेरॉईड मलम आणि खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत शेकडा 4. फरक मोठाच आहे, पण 28 म्हणजे 100 नव्हेत. आमच्याकडे पहिली गोष्ट सुधारली ती खाज. कातडी नंतर. डोळे लाल होणं हा त्रास होतो, तिलाही झाला. आणि जिवंत लसी याच्या चालू काळात देत नाहीत, त्यामुळे आधी लसींचं कार्ड बघतात.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे मलमं नीट मापात, पुरेसे दिवस लावूनही भागलं नाही, हे दाखवल्याशिवाय विमा कंपनी पैसे देईना. तेव्हा राग आला होता. पण वैद्यकीयदृष्ट्याही क्रम तोच आहे. इंजेक्शन चालू असूनही आम्ही रोज चोपडतोच. तुम्ही अजून पहिल्या पायरीवर नीट पाय ठेवलेला नाही, नेहाताई म्हणू का संत्रानगरीताई?

तात्पुरतं एक करून बघता येईल, डॉक्टरांना विचारून: ओल्या कपड्याची पट्टी. मलम-मॉइश्चरायझर लावून वर कोमट पाण्यात पिळलेला सुती पायमोज्याचा तुकडा, त्यावर कोरडा. काही रात्रीच करायचं. पट्टीखाली मलम जास्त मुरतं, म्हणून जहाल ट्यूबवर चुकूनही नको, आणि जखमेतून पाणी येत असेल तर अजिबातच नको.

संत्रानगरी:

नेहा नाही हो, पण चालेल!

ट्यूबचा फोटो मोठा करून पाहिला. क्लोबेटासॉल, निओमायसिन, मायकोनॅझोल. हात गार पडले. काकूंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, 'अगं, आम्ही तर तोंडालाही लावतो.'

सासूबाईंना ट्यूबवाले दादांचा पूर्ण प्रतिसाद वाचून दाखवला. त्या म्हणाल्या, 'दुकानदार आपला माल खपवणारच.' पण खोबरेलावर राजी झाल्या, अन् बेसन बंद. ट्यूबवर अजून धुसफूस आहे. मी बोटावर रेघ काढून दाखवली तर म्हणाल्या, 'एवढं?' ह्यांनी मात्र आज पहिल्यांदा माझी बाजू घेतली.

दोन शंका राहिल्यात. मलम आधी की मॉइश्चरायझर आधी? अन् खाज कमी व्हावी म्हणून अ‍ॅलर्जीचं सिरप रोज देऊ का? बालरोगतज्ज्ञांनी मागे सर्दीला दिलेलं घरात आहे.

ट्यूबवाला:

कुठलंही आधी चालेल. दोघांत पंधरा-वीस मिनिटं जाऊ द्या म्हणजे मलम पसरून पातळ होणार नाही. आम्ही अंघोळीनंतर मॉइश्चरायझर, मग पोरगी एक कार्टून बघायची, मग मलम.

सिरप मनानं नको. या खाजेचं मूळ वेगळं असतं, त्यामुळे सर्दीचं अ‍ॅलर्जी-औषध तिच्यावर फारसं चालत नाही. झोप आणणारं एखादं डॉक्टर फारच उसळलं असताना थोडे दिवस देतात, ते वेगळं. नखं मात्र दर आठवड्याला कापा आणि कानशीनं घासा, कापलेली नखं जास्त बोचतात.

माल खपवण्याबद्दल सासूबाईंना सांगा, पेट्रोलियम जेलीच्या डब्यात मला जे सुटतं त्यात चहा येत नाही. आणि नागपूरचं गिऱ्हाईक इचलकरंजीला काय उपयोगाचं?

डॉक्टरांकडे लवकर जा आणि दोन्ही ट्यूबा पिशवीतून घेऊन जा, काकूंचीसुद्धा. ती किती दिवस आणि कुठं लावली ते लाजू नका, स्पष्ट सांगा, ते असं रोजच ऐकतात. सासूबाईंनाही बरोबर न्या. मोमेटासोनची उरलेली ट्यूब त्यांच्यासमोर टेबलावर ठेवा आणि डॉक्टरांनाच विचारा की ही ट्यूब आतापर्यंत किती वेळा संपायला हवी होती.